तलवार दिसते, कोठार दिसत नाही

ऐतिहासिक मालिका बरी की वाईट हे ठरवायची माझी कसोटी अगदी साधी आहे. त्या राज्यातलं धान्य कोण मोजतं, दारूगोळ्याची नोंद कोण ठेवतं, राजाचा हुकूम खालच्या माणसापर्यंत कुणाच्या हातून पोचतो, हे मालिकेत दिसतं का? दिसत असेल तर संवाद थोडे इकडचे तिकडे असले तरी मी पुढचा भाग लावतो. दिसत नसेल तर कितीही मोठा दरबार उभा करा, कितीही घोडे आणा, दहा मिनिटांत माझा हात रिमोटकडे जातो. ही कसोटी मला कामामुळे लागली. पुण्याजवळच्या चिखली, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांत स्टोअर, डिस्पॅच आणि तपासणी या खात्यांत ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. साहेबांच्या भाषणाने गाडी भरत नाही. गाडी भरते ती चलन, पॅकिंग स्लिप, बॅच नंबर आणि तिसऱ्या पाळीत जागा राहिलेला एखादा फोर्कलिफ्टवाला यांच्या जिवावर. राज्यंही काही वेगळी चालली नसणार. चिनी आणि कोरियन ऐतिहासिक मालिकांपैकी ज्या चांगल्या आहेत त्या हे गृहीत धरून चालतात. आपल्या मराठी ऐतिहासिक मालिका ते बहुतेक वेळा विसरतात. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते नुसत्या चाहत्याच्या कौतुकावर सोडून न देता नीट मांडून बघायचं आहे.

आधी एक गैरसमज बाजूला काढतो. या पट्ट्यात कोरियन आणि चिनी कंपन्या आहेत म्हणून इथल्या लोकांना त्यांच्या मालिकांचं वेड लागलं, असं काही जण म्हणतात. कंपन्या आहेत हे खरं. रांजणगावला एलजी आहे, चाकणला सॅनी आहे, जनरल मोटर्सचा तळेगावचा बंद पडलेला कारखाना ह्युंदाईने घेतला. त्याच कारखान्यासाठी आधी चीनच्या ग्रेट वॉल कंपनीची बोलणी चालू होती, ती २०२० च्या सीमेवरच्या तणावानंतर बारगळली. पण पगार देणाऱ्या देशाची मालिका माणूस घरी येऊन बघत बसतो, हे काही खरं नाही. उलट झालं तर आश्चर्य वाटायला नको! शिवाय जाधववाडी-कृष्णानगरच्या खोल्यांतून कॉट बेसिसवर राहणारी ट्रेनी मुलं-मुली मोबाइलवर हिंदी डबिंगमध्ये जे बघतात त्यात आजकालच्या प्रेमकथाच जास्त. जुन्या काळातल्या मालिका लावणारे थोडे, पण ते चिकट. पन्नास-साठ-सत्तर भागांची मालिका, ओळखीचा एक चेहरा नाही, नावं जिभेवर बसत नाहीत, तरी माणूस शेवटपर्यंत जातो तेव्हा त्या मालिकेत त्याला आपलं काहीतरी सापडलेलं असतं. माझ्या मते ते म्हणजे काम.

'ज्युएल इन द पॅलेस' ही कोरियन मालिका बघा. २००३-०४ साली ती तिकडे दाखवली गेली, ५४ भाग; आपल्या दूरदर्शनवरही ती 'घर का चिराग' या नावाने हिंदीत आली होती. सोळाव्या शतकातली एक अनाथ मुलगी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात शिकाऊ म्हणून येते आणि पुढे राजाची वैद्य होते, अशी कथा. तिच्यातला एक साधा प्रसंग मला कुठल्याही लढाईपेक्षा मोठा वाटतो. मुदपाकखान्यातली वरिष्ठ बाई या पोरीला पाणी आणायला सांगते. पोरगी पाणी आणते. बाई म्हणते, हे नको, पुन्हा आण. कोमट आणून बघते, त्यालाही नकार. बाई काय चुकलं ते सांगत नाही, रागावतही नाही, फक्त परत पाठवते. हे दिवसचे दिवस चालतं. शेवटी मुलगी भांडं उचलायच्या आधी विचारते: पोट दुखतंय का, आज शौचाला साफ झालं का, घसा खवखवतोय का? उत्तरं ऐकते आणि मग कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून आणते, सावकाश प्यायला सांगते. बाईला एवढंच हवं होतं. मागणाऱ्याला नेमकं काय हवं आहे हे आधी विचारायचं, मग हात चालवायचा, हा धडा आमच्याकडे ट्रेनिंगच्या खोलीत पडद्यावर चार्ट लावून शिकवतात आणि दुसऱ्या दिवशी लोक विसरतात. मालिकेने तो एका भांडंभर पाण्यात शिकवला, तोही राजवाडा, कटकारस्थानं, दागिने यांतलं काहीही न वापरता. पुढे याच मुलीची चव जाते आणि तिला जिभेशिवाय, नुसत्या अंदाजाने आणि आठवणीने पदार्थ जुळवावा लागतो, तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण तोपर्यंत तिची जीभ हे तिचं हत्यार आहे हे मालिकेने आपल्या गळी उतरवलेलं असतं. आता या बाईचा मुदपाकखान्यातला काळ इतिहासात आहे का? नाही. राजा जुंगजोंगच्या काळच्या नोंदींत जांगगुम नावाच्या वैद्य स्त्रीचे मोजके उल्लेख सापडतात. बाकी सगळं लेखकांनी रचलेलं. पण रचताना त्यांनी तिला काम दिलं, नुसतं नशीब दिलं नाही.

दुसरा दाखला अगदी ताजा आहे आणि माझ्या खात्याच्या इतका जवळचा आहे की त्याच्याबद्दल तटस्थ राहणं मला जमणार नाही. २०२५ मध्ये 'द लीची रोड' ही चिनी मालिका आली, मा बोयुंग या लेखकाच्या छोट्या कादंबरीवरून. काळ तांग राजवटीचा, आठव्या शतकाचा मध्य. कर्ज काढून नुकतंच घर घेतलेला एक खालच्या दर्जाचा कारकून. त्याच्या माथी एक काम मारलं जातं: दक्षिणेच्या लिंगनान प्रांतातून ताजी लीची राजधानी चांगआनला, सम्राटाच्या लाडक्या राणीच्या वाढदिवसाच्या आत पोचवायची. अंतर पाच हजार ली, म्हणजे दोन हजार किलोमीटरच्या वर. आणि लीचीचा गुण असा की तोडल्यावर पहिल्या दिवशी रंग जातो, दुसऱ्या दिवशी वास, तिसऱ्या दिवशी चव. काम अशक्य आहे हे वरच्या सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तर ते त्याच्या गळ्यात येतं. हुकमाच्या कागदावर 'ताज्या'च्या जागी 'टिकवलेली' असा शब्द चिकटवून त्याची सही घेतली जाते. खरेदीच्या ऑर्डरवर खाडाखोड करून सप्लायरच्या माथी खापर फोडण्याची कला तेराशे वर्षं जुनी आहे म्हणायची! पण खरी मजा पुढे आहे. हा माणूस रडत बसत नाही, तलवार उपसत नाही. तो वेगवेगळ्या रस्त्यांनी, वेगवेगळ्या तऱ्हेने बांधलेली फळं देऊन माणसं पाठवतो आणि कुणाची लीची कुठल्या टप्प्यावर किती टिकली याचा तक्ता मांडतो. फांदीसकट कापून रांजणात लावली तर किती वेळ मिळतो, घोडा बरा की होडी बरी, कुठल्या ठाण्यावर घोडे बदलायचे, हे सगळं तो आकड्यांवर आणून ठेवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम लिहून ठेवायचा, ही चाचणीची रीत ज्याने शॉप फ्लोअरवर वापरली आहे त्याला हे भाग बघताना टाळी वाजवावीशी वाटेल.

आणि मालिका तिथे थांबत नाही. लीची पोचवता येते हे सिद्ध झाल्याबरोबर कालपर्यंत ज्या खात्यांनी हात झटकले होते ती सगळी श्रेय घ्यायला धावतात. मग खर्चाचा प्रश्न येतो. ठाण्याठाण्यावर घोडे मरतात, वाटेवरच्या गावांवर बोजा पडतो, झाडंच्या झाडं तोडली जातात, आणि त्या कारकुनाला आपल्याच तक्त्यातून दिसू लागतं की एका राणीच्या तोंडात चार फळं पडावीत म्हणून किती घरं उजाड होणार आहेत. तो हा हिशेब थेट मंत्र्याच्या तोंडावर मांडतो. सत्तेवर इतकी नेमकी टीका मी फार थोड्या मालिकांत पाहिली आहे, आणि ती घोषणेतून आलेली नाही, वहीतून आलेली आहे. डिस्पॅच वेळेत झालं म्हणून केक कापतात तेव्हा त्या वेळेसाठी कुणाच्या किती पाळ्या सलग झाल्या हे कुणी लिहीत नाही. त्या कारकुनाने लिहिलं.

याच जातीची आणखी एक मालिका, 'अंडर द मायक्रोस्कोप', २०२३ ची, फक्त १४ भागांची. सोळाव्या शतकात ह्वेइचौ जिल्ह्यात खरोखर झालेल्या एका भांडणावर ती बेतलेली आहे. सहा तालुक्यांनी मिळून भरायचा रेशमाचा कर वर्षानुवर्षं एकच तालुका भरतोय, हे आकडेमोडीचं वेड असलेल्या एका माणसाच्या ध्यानात येतं. तो ते बोलून दाखवतो आणि गावोगावचे बडे लोक त्याच्या जिवावर उठतात. बेरीज-वजाबाकीवर चौदा भाग! आपल्याकडे निर्मात्याला ही कल्पना सांगितली तर तो चहा पाजून वाटेला लावील. वरताण म्हणजे 'मिंग डायनेस्टी १५६६'. २००७ साली आली तेव्हा ती फारशी चालली नव्हती, पण आज जाणकार तिला चिनी मालिकांच्या शिखरावर ठेवतात. ती सुरूच होते वर्षअखेरीच्या हिशेबाच्या बैठकीने. खजिन्यात खड्डा पडलेला, प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतंय, आणि पडद्याआड बसलेला सम्राट सगळं ऐकतोय. तो खड्डा भरायला ठरतं की एका प्रांतातली भातशेती मोडून तुती लावायची, रेशीम विकायचं. शेतकरी जमीन देत नाहीत म्हणून पुराच्या वेळी बांध फोडले जातात, म्हणजे बुडालेली जमीन कवडीमोलाने घेता येईल. दिल्ली-मुंबईच्या बैठकीत ओढलेली रेघ एखाद्याच्या वावरातून कशी जाते, हे ज्यांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत या पट्ट्यात बाजरी-कांद्याच्या जमिनींचे प्लॉट होताना पाहिलं, त्यांना यातलं काही परकं वाटायचं कारण नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. तुम्ही निवडून निवडून चार मालिका सांगता. बाकीच्या शंभर मालिका म्हणजे राजवाड्यातलं सासू-सुनेचं भांडणच की! सवती, विषप्रयोग, गर्भपात, सूड. हे मी मान्य करतो. 'स्टोरी ऑफ यानशी पॅलेस' २०१८ साली चीनमध्ये तुफान गाजली. ७० भाग, आणि नायिकेचा एकच उद्योग, यादीतली माणसं एकेक करून संपवणं. मला ती आवडली नाही. पुढच्याच वर्षी तिकडच्या सरकारी वर्तमानपत्राने अशा मालिकांवर झोड उठवली आणि वाहिन्यांनी ती काढून टाकली, तेही मला पटलं नाही. वाईट मालिकेवरचा उपाय चांगली मालिका असतो. पण याच राजवाडी जातीतली 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' बघा, २०११ ची, ७६ भाग. तिच्यात राणी मर्जीतून उतरली हे आपल्याला कसं कळतं? सम्राट काही बोलत नाही. हिवाळ्यात तिच्या दालनात धूर करणारा हलका कोळसा येऊ लागतो. सामानखात्याच्या लोकांना वारा कुठला वाहतोय ते आधी कळलेलं असतं, आणि ते चांगला कोळसा दुसरीकडे वळवतात. म्हणजे कारस्थानाच्या गोष्टीतही सत्ता दिसते ती स्टोअरच्या खिडकीतून. चीनमध्ये कित्येक नोकरदारांनी ही मालिका ऑफिसात कसं वागावं याचं पुस्तक म्हणून पाहिली, यात नवल काय? फक्त त्या पुस्तकातून लोक जे शिकले, वरच्याची मर्जी ओळखून बोलावं, ते शिकण्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. या मालिकांचा हा दोष मोठाच आहे. सम्राट चुकतो, पण सम्राटपद कधीच चुकत नाही. अन्याय होतो तो मधल्या माणसांमुळे, वरपर्यंत गाऱ्हाणं पोचलं की न्याय मिळतो. कोरियन मालिकाही राजाच्या चांगुलपणावर फार विसंबतात. हे डोळे उघडे ठेवूनच बघावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्यांच्याकडे नोंदी आहेत, आपल्याकडे आहेत कुठे? कोरियाच्या जोसन राजवटीच्या नोंदी खरंच थक्क करणाऱ्या आहेत. १३९२ पासूनची ४७२ वर्षं, पंचवीस राजे, सगळ्यांचा दरबारी वृत्तांत. १९९७ साली युनेस्कोने त्याची दखल घेतली. बखरकार दरबारात बसून लिहायचा आणि राजाने ते वाचायचं नाही असा दंडक. १४०४ साली राजा थेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला आणि उठताना पहिलं वाक्य बोलला की हे बखरकाराला कळू देऊ नका. ते वाक्यही नोंदीत गेलं. त्या नोंदींतून 'जांग यंग शिल'सारखी २०१६ ची मालिका निघते. गुलाम घरात जन्मलेला कारागीर, राजा सेजोंगने वर आणलेला, १४३४ साली स्वतःहून तास वाजवणारं पाण्याचं घड्याळ करणारा. १४४२ मध्ये त्याच्या देखरेखीखाली बनलेली राजाची पालखी मोडली, त्याला फटक्यांची शिक्षा झाली, आणि त्यानंतर नोंदींतून तो नाहीसाच होतो. मोडलेला माल कुणाच्या सहीने बाहेर गेला हा प्रश्न सगळीकडे शेवटी एकाच माणसाकडे येऊन थांबतो.

पण आपल्याकडे नोंदी नाहीत हे म्हणणं साफ चूक आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल आहेत, मोडीतले लाखो कागद. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते ३४ या काळात त्यातून निवडून ४५ खंड छापले. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने किती कागद वाचवले याला गणती नाही. रोजकीर्दी, ताळेबंद, मोहिमेतल्या बैलांचे आणि वैरणीचे हिशेब, सगळं आहे. तरी नाना फडणीस पडद्यावर आला की तो पगडी सावरत कट करतानाच दिसतो. ज्या फडावर बसून त्याने अख्ख्या राज्याचा जमाखर्च हाताळला तो फड दिसत नाही. शिवकाळाचं तर विचारूच नका. सभासदाने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत अठरा कारखाने आहेत, बारा महाल आहेत. गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कोठार सांभाळणारा कारखानीस असा कारभार वाटलेला, म्हणजे एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, अशा एकशेवीस बिघ्यांचा चावर, अशी मोजणी आहे. रेशमाच्या करावर चौदा भाग निघत असतील तर या काठीवर एक भाग निघू नये?

आणि त्या पत्राचं काय? राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळच्या घोडदळाच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेलं पत्र शाळेत शिकवलं जातं ते रयतेला त्रास देऊ नका एवढ्यापुरतं. पूर्ण वाचलं तर ते जवळजवळ एखाद्या चांगल्या स्टोअर मॅनेजरने पावसाळ्याआधी काढलेलं परिपत्रक वाटतं. पावसाळाभर पुरेल असा दाणा-वैरणीचा साठा केला आहे, तो आत्ताच उधळाल तर पुढे काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्यांकडे ओरबाडायला जाल. गवताच्या गंजीजवळ कुणी स्वयंपाक करेल, कुणी चिलीम ओढेल, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, आग लागेल. साठा किती, रोजचा खप किती, आग कुठून लागू शकते: उंदरापर्यंतचा विचार केलेला राजा! आमच्याकडे सुरक्षा सप्ताहात लावतात त्या कुठल्याही फलकापेक्षा हे पत्र नेमकं आहे. मला महाराजांबद्दल जो आदर वाटतो त्यातला मोठा वाटा या पत्राचा आहे, आणि तो कुठल्याही मालिकेने मला दिलेला नाही. मालिकांनी काहीच केलं नाही असं नाही. २००८ ची 'राजा शिवछत्रपती', २०१७ ते २० ची 'स्वराज्यरक्षक संभाजी', यांनी घराघरांतल्या पोरांना नावं, गड, तारखा तोंडपाठ केल्या, हे लहान काम नव्हे. २०१२ च्या 'उंच माझा झोका'मध्ये रमाबाई रानडे अक्षरं गिरवतात तेव्हा शिकणं हे कष्टाचं काम आहे हे दिसतं. ती मालिका म्हणूनच लक्षात राहिली. आणि हिरकणीची गोष्ट घ्या. गडाला दूध पुरवणारी बाई, दरवाजा बंद व्हायची वेळ, आणि वेळेच्या बाबतीत कुणासाठीही न वाकणारा पहारा. गोष्ट मुळात गेटपासचीच आहे. आपण तिच्यातला कडा ठेवला आणि गेट विसरलो.

पैशाचा मुद्दा लगेच निघतो. त्यांच्याकडे हंगदियनसारखी स्टुडिओनगरी आहे, बेजिंगच्या राजवाड्याची प्रतिकृती उभी आहे, आपल्या निर्मात्याला सेटचं भाडं परवडत नाही. पण मी मागतोय ती गोष्ट लढाईपेक्षा स्वस्त आहे. एक खोली, दोन बैठका, एक दऊत आणि चांगलं लिहिलेलं पान, यात पन्नास घोडे आणि संगणकावर काढलेलं सैन्य लागत नाही. अडचण पैशापेक्षा वेळापत्रकात आहे. कोरियन मालिका आठवड्याला साधारण दोन भाग दाखवते आणि किती भागांत संपायचं हे बहुतेक आधी ठरलेलं असतं. चिनी मालिका लांबलचक असली तरी बहुधा पूर्ण चित्रित होऊनच पडद्यावर येते. आपल्याकडे आठवड्याचे सहा दिवस भाग जायलाच हवा, लेखक आज रात्री लिहितो ते परवा चित्रित होतं. अशा रेट्यात माणूस जे पाठ आहे तेच देणार: जयघोष, डोळ्यांत पाणी, तीनदा वळून बघणारा कॅमेरा. प्रॉडक्शनच्या मागे धावणाऱ्या लाइनवर क्वालिटी मिळत नाही, यात लेखक-दिग्दर्शकांचा दोष मी कमी धरतो. शंभर भाग हवेत हा हट्ट सोडला तर अर्धा प्रश्न सुटेल.

मग अस्मितेचा प्रश्न. आपल्याकडे इतिहासाला हात लावला की रस्त्यावर माणसं येतात, त्यामुळे कुणी नवं करायला धजत नाही. तिकडे काय वेगळं आहे? २०२१ मध्ये 'जोसन एक्झॉर्सिस्ट' ही कोरियन मालिका दोन भागांनंतर बंद करावी लागली, कारण कोरियन राजपुत्राच्या प्रसंगात चिनी पद्धतीचे पदार्थ आणि सामान दाखवलं म्हणून लोक खवळले. २०२५ मध्ये 'छावा' चित्रपटातलं लेझीमचं दृश्य गाळावं लागलं, त्याच जातीची ही गोष्ट. भावना सगळीकडे हळव्या आहेत. पण नीट बघितलं तर वाद नाच, प्रेम, पेहराव, खाणं यांवर होतात. कोठाराचा हिशेब दाखवला म्हणून कुणाच्या भावना दुखावल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट निर्मात्यांसाठी सगळ्यांत निर्धोक रस्ता हाच आहे, आणि तोच मोकळा पडला आहे.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो माझ्याच बरोबरीच्या लोकांचा आहे. आठ तास, ओव्हरटाइम धरला तर बारा तास काम करून आलेला माणूस पुन्हा पडद्यावर काम का बघेल? त्याला दोन घटका विरंगुळा हवा. हे ऐकायला बरोबर वाटतं, पण ज्या कामाचा त्याला कंटाळा येतो त्यात बहुधा त्याचं नाव नसतं. माल गेला तर कंपनीचा, परत आला तर त्याचा. पडद्यावर एखादी स्वयंपाकीण, एखादा कारकून, एखादा घड्याळ करणारा गुलाम कथेच्या मध्यभागी बसतो, त्याच्या हातातलं कसब कॅमेरा जवळून दाखवतो, आणि त्याच्या निर्णयावर राजाचं जेवण किंवा राज्याचा खजिना अवलंबून असतो, तेव्हा बघणाऱ्याला विरंगुळाही मिळतो आणि थोडा ताठ कणाही मिळतो. लढाईची मालिका त्याला सांगते की तू मावळा हो. पण मावळ्याच्या घोड्याला दाणा देणाराही कुणीतरी होता, आणि आज या पट्ट्यातले बहुतेक लोक त्याचेच वंशज आहेत, कामाने तरी.

यासाठी दूर जायला नको. चिखलीहून मोशीमार्गे नाशिक रस्त्याला लागलं की चाकण येतं, आणि चाकण गावात संग्रामदुर्गाची पडकी तटबंदी अजून उभी आहे. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्याने हा भुईकोट जवळपास दोन महिने लढवला. शेवटी बुरुजाखाली सुरुंग लावून मोगलांनी तट उडवला तेव्हा तो पडला. डोंगर नाही, कडा नाही, सपाट जमिनीवरचा किल्ला, भर पावसात. आत धान्य किती होतं, दारू कोरडी कशी ठेवली, जखमींना कुणी बघितलं, रोजचं रेशन कुणी आखलं, सुरुंगाची चाहूल लागली असेल तर कुणाला? या प्रश्नांभोवती दहा-बारा भागांची मालिका उभी राहील, आणि तिला एका सेटपलीकडे फार काही लागणार नाही. जे कागद सांगतात ते घ्यावं, जे सांगत नाहीत ते जांगगुमच्या लेखकांसारखं रचावं, आणि रचलंय हे सुरुवातीला स्पष्ट लिहावं. पुण्यात मोडी वाचणारी तरुण मंडळी आहेत, नाटकातून आलेले कसलेले नट आहेत, ओटीटीवर कमी भागांच्या मालिकांना आता जागाही आहे. कुणी निर्माता हे वाचत असेल तर त्याला एवढीच विनंती आहे: फिरंगोजीला हवे तेवढे संवाद द्या, पण त्या किल्ल्याच्या कारखानिसाला निदान एक अख्खा भाग द्या.